बुखारी कोणाच्या घरातली

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी यदुल्ला पिंजारी एका जुन्या गादीचा कापूस यंत्रात घालत होता. हमदानच्या त्या गल्लीत एवढ्या सकाळी दोनच दिवे लागलेले असतात, एक कोपऱ्यावरच्या रोटीच्या भट्टीचा आणि दुसरा त्याच्या दुकानाचा. पडलेला बर्फ गोठून फरशीसारखा टणक झाला होता. यंत्र घरघरत होतं, कापसाचे तंतू उडून त्याच्या भुवयांवर बसत होते, आणि थोड्या थोड्या वेळाने तो यंत्र बंद करून मागच्या दाराने घरात जाऊन येत होता.

दुकानाच्या मागेच घर आहे. आत शिरलं की डाव्या हाताला त्याच्या आईची खोली लागते. तिथे जाऊन तो काहीच करत नव्हता. दारात उभा राहून बुखारीकडे बघत होता आणि परत येत होता.

बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, गॅसची, तपकिरी रंगाची. पुढे काच, काचेमागे मातीच्या जाळ्या, आणि पाठीमागून निघून भिंतीतल्या धुराड्यात शिरणारा पत्र्याचा पाइप. मंगळवारी संध्याकाळी नेमतच्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने ती आणली, लावली, पेटवली. ज्योत चांगली दिसली. खोलीही तापायला लागली. मग त्याने सवयीने पाइपला हात लावला, आणि पाइप थंड होता.

हमदानमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाइपचा चटका बसला म्हणजे जळलेला गॅस धुराड्यातून बाहेर चालला आहे. पाइप थंड राहिला म्हणजे तो खोलीतच साठतो आहे. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपतो आणि सकाळी उठत नाही. बर्फ पडला की टीव्हीवर रोज बजावून सांगतात, आणि तरीही बर्फ पडला की कुठल्या तरी घरातून जनाजे निघतातच. आदल्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण जोडपं असंच गेलं होतं.

यदुल्लाने बुखारी बंद केली, खिडकी सताड उघडली, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. कारण बुधवारी दुपारी त्याची मुलगी फायजे इस्पितळातून बाळाला घेऊन याच खोलीत राहायला येणार होती. पहिलं बाळ झालं की पहिले दहा दिवस आईच्या घरी काढायचे, ही तिथली रीत. घरातल्या मोठ्या खोलीत बुखारी होती, पण तिथे दहाही दिवस पाहुण्यांचा राबता राहणार, चहाचा सामोवार सतत उकळत राहणार, आणि यदुल्लाचा मेहुणा येऊन सिगारेटी फुंकणार. बाळंतिणीला दार लावून घेता येईल अशी खोली आईचीच. तिथे विजेचा हीटर लावून पाहिला होता. कुकर आणि हीटर एकाच वेळी चालू झाले की अख्ख्या घरातली वीज जायची.

आईच्या खोलीत पूर्वी तिची स्वतःची बुखारी होती. आई वारल्यावर, चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यानंतर, यदुल्लाने ती तिच्या नावाने दान करून टाकली. मशिदीतल्या लोकांनी एका गरजू घराला दिली. तिथे ती आजही जळते आहे म्हणतात. दिलेली वस्तू परत मागायची सोय नव्हती.

यंत्र पुन्हा बंद झालं तेव्हा मोनीरे रोटी आणि पनीर घेऊन दुकानात आली. गल्लीतले सगळे तिच्या नवऱ्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात. तीही म्हणते, आणि चिडली असली की जरा जास्तच अदबीने म्हणते.

"उस्ता, बघून बघून तापणार आहे का ती?"

"तू पेटवलीस?"

"मी हातसुद्धा लावणार नाही तिला. मला आधी सांगा, कोणाच्या घरातली आहे?"

"नेमतकडची."

"नेमतनं व्यायली का ती? त्याच्याकडे कुठून आली?"

"तो सांगत नाही. कोणाचंच सांगत नाही तो."

"चांगल्या घरातली असती तर सांगितलं असतं." तिने रोटीचा तुकडा तोडून त्याच्या हातात कोंबला. "ते जोडपं मेलं मागच्या आठवड्यात. त्यांच्या बुखारीचं काय झालं? नातेवाईक घरात ठेवतील होय? विकूनच टाकतील."

"ती पोलिसांनी नेली असेल."

"असेल! तुम्ही 'असेल'वर झोपवणार माझ्या लेकीला?"

यदुल्लाने रोटी यंत्राच्या झाकणावर ठेवली आणि तिथेच विसरला. नंतर तिच्यावर कापूस साचला.

त्याच्या हाताखालून हमदानच्या दोन पिढ्यांची अंथरुणं गेली आहेत. वडील धनुष्याची तार छेडून कापूस पिंजायचे, घरोघर जायचे. याने यंत्र घेतलं आणि लोक दुकानात येऊ लागले. नवरीच्या रुखवतातल्या साटिनच्या दुलया, हिवाळ्याआधी उसवून पुन्हा भरायच्या गाद्या, म्हाताऱ्यांच्या कंबरेखालच्या उशा. आता लोकांना हलकं आणि धुता येणारं लागतं, म्हणून दोनेक वर्षांपासून तो नायलॉनचा पांढराशुभ्र भुगाही ठेवतो. त्याला तो आवडत नाही. हाताला काही बोलत नाही, म्हणतो. कापूस मुठीत धरला की त्याला तो कुठल्या भागातला आणि किती जुना हे कळतं, आणि हे तो गिऱ्हाइकाला न विचारताही सांगतो. गादी उसवताना मात्र घाई करतो. सगळंच घाईत करतो. आयुष्यात कधी एका जागी बसून त्याने चहाचा पेला संपवला असेल, तर तो मोनीरेने पाहिलेला नाही.

नऊ वाजता नेमत दुकान उघडतो. साडेआठलाच यदुल्लाने गॅसची चावी बंद केली, नळी सोडवली, पाइप भिंतीतून ओढून काढला आणि बुखारी कापसाच्या हातगाडीवर घालून तिच्यावर एक जुनी दुलई पसरली. बर्फात गाडी दोनदा आडवी झाली. रोटीच्या भट्टीवर रांगेत उभ्या असलेल्या एकाने विचारलं, "उस्ता, कोणाला घेऊन चाललास झाकून?" यदुल्लाने गाडी पुढे ढकलली. एरवी त्याने उत्तर दिलं असतं.

नेमत त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. दुकानात फ्रीज, शिलाई यंत्रं, पितळी सामोवार आणि एका रांगेत बुखाऱ्या. आदल्या दिवशी किंमत विचारली तेव्हा नेमत रीतीप्रमाणे म्हणाला होता, "काही देऊ नकोस, तुझ्यापुढे किंमत ती काय?" यदुल्ला रीतीप्रमाणे म्हणाला होता, "असं कसं." आणि मग दोघं अर्धा तास भांडले होते.

"ये उस्ता, तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर," नेमत म्हणाला. मग त्याने दुलई उचलली. "हे काय? एका रात्रीत तलाक?"

"पाइप तापत नाही."

"कोणाच्या?"

"नेमत, चेष्टा नको. आज पोर येते आहे बाळाला घेऊन."

नेमतने चेष्टा बंद केली. दुकानाच्या मागच्या भिंतीत त्याने गॅसचा नळ आणि धुराड्याचं भोक तयार ठेवलं आहे, गिऱ्हाइकासमोर पेटवून दाखवण्यासाठी. दोघांनी मिळून बुखारी तिथे लावली. जाळ्या हळूहळू लाल झाल्या. नेमतने सिगारेट पेटवली, अर्धी ओढली आणि म्हणाला, "लाव हात."

यदुल्लाने हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं तोंडात घातली.

"आता बोल," नेमत म्हणाला.

"इथं तापतो."

"इथं तापतो, तुझ्याकडे तापत नाही. मग दोष बुखारीचा की तुझ्या भिंतीचा? बोळा काढलास का?"

हा प्रश्न यदुल्लाला झोंबला. वसंतातला नवरोज संपला, हवा बदलली की हमदानमधल्या बुखाऱ्या भिंतीवरून उतरतात आणि माळ्यावर जातात. मागे उरलेल्या धुराड्याच्या भोकात कापसाचा किंवा चिंध्यांचा बोळा कोंबतात, म्हणजे काजळी गळत नाही आणि चिमण्या घर करत नाहीत. वरून पत्र्याचं गोल झाकण, त्यावर बहुतेक वेळा तळ्याचं किंवा हरणाचं चित्र. थंडी आली की आधी बोळा काढायचा, मग पाइप घालायचा. विसरलेल्या बोळ्याच्या गोष्टी प्रत्येक गल्लीत असतात.

"मी पिंजारी आहे," यदुल्ला म्हणाला. "या मोहल्ल्यातल्या निम्म्या भिंतींत माझ्या दुकानातले बोळे आहेत. मला विचारतोस?"

"म्हणून तर विचारतो. हलवाई गोड खातो का?"

"काढला. या हातानं काढला. हा बघ." त्याने कोटाच्या खिशातून पांढरा बोळा काढून दाखवला. मंगळवारी काढून खिशात टाकला होता, तो तसाच राहिला होता. "बॅटरी घेऊन आत बघितलंसुद्धा. काळोख होता."

"मग माझ्याकडे दुसरं उत्तर नाही."

"माझ्याकडे प्रश्न आहे. कोणाच्या घरातली आहे ही?"

नेमतने सिगारेट विझवली. "ते विचारू नकोस."

"मोनीरे म्हणते त्या मेलेल्या जोडप्याच्या घरातली."

"मोनीरे खानमला माझा सलाम सांग, आणि सांग की ती बुखारी पोलिसांच्या ताब्यात आहे."

"तू बघितलीस?"

"मी कशाला बघू?"

"मग तुला कसं ठाऊक?"

नेमत वैतागला. घरातली वस्तू विकायला काढणं ही आब्रूची गोष्ट असते. माणूस अंधार पडल्यावर मागच्या दाराने येतो, पुढच्या दाराने ती वस्तू कोणीतरी घेऊन जातो, आणि मध्ये जो उभा असतो त्याने तोंड बंद ठेवायचं असतं. नेमतचं दुकान त्या बंद तोंडावर चालतं. हे यदुल्लाला पक्कं ठाऊक होतं. दोन हिवाळ्यांमागे त्याने स्वतःचं जुनं यंत्र इथेच विकलं होतं, आणि ते आज कोणाकडे आहे हे त्याला नेमतने सांगितलेलं नाही.

"उस्ता, पैसे परत घे. बुखारी राहू दे. विषय संपला."

"आणि पोर बर्फात निजू दे?"

"दुसरी घेऊन जा. ती निळी बघ."

"ती कोणाच्या घरातली?"

नेमत आकाशाकडे बघत बसला. दुकानात आकाश नव्हतं, पत्रा होता. शेवटी म्हणाला, "जुन्या हमामाच्या मागे. हिरवं दार. अशरफ खानम. मी सांगितलं म्हणालास तर तुझ्या जनाज्याला येणार नाही मी."

बुखारी तिथेच ठेवून यदुल्ला निघाला. रस्त्यात फोन वाजला. मोनीरे.

"डॉक्टर फिरून गेले. दुपारी सोडणार म्हणे. तीनच्या आत. तुम्ही आहात कुठं?"

"येतो."

"मी बाळंतिणीसाठी गोड काची शिजवायला ठेवली आहे. खोली थंडगार आहे, उस्ता. भिंतींना हात लावला तरी बोटं आखडतात."

"येतो म्हटलं ना."

हिरवं दार ठोठावल्यावर बराच वेळ कोणी आलं नाही. मग दाराच्या फटीतून आवाज आला, "कोण?"

"यदुल्ला, पिंजारी. सलाम."

"मी काही विकलेलं नाही."

"मी विचारलं का काही, खानम?"

"मग कशाला आलास? माझ्या गाद्या ठीक आहेत."

यदुल्लाने बर्फात पाय आपटले. मग त्याने सरळ सगळं सांगून टाकलं. पाइप, फायजे, बाळ, मोनीरेचा संशय. नेमतचं नाव तेवढं घेतलं नाही. आतून हसण्याचा आवाज आला. कडी निघाली.

"म्हणजे मी मेले की जिवंत आहे ते बघायला आलास!" अशरफ खानम म्हणाली. ऐंशीच्या घरातली बाई, डोक्यावर पांढरी फुलाफुलांची चादर, पायात पोराचे मोठे मोजे. "ये, बघून घे. जिवंत आहे. त्या बुखारीशेजारी झोपले मी, माझ्या लग्न झालेल्या पोरी माहेरपणाला आल्या त्या झोपल्या, त्यांची पोरं रांगली तिच्यासमोर. अजून कोणी मेलेलं नाही. माझा नवरा मेला, पण तो हज करून परत येताना विमानतळावर. त्याला बुखारी काय करणार?"

"मग विकली का?" विचारून यदुल्लाने जीभ चावली.

"मुलानं घरभर रेडिएटर लावले. म्हणतो, अम्मा, आता आग नको घरात. सगळीकडे सारखं गरम. म्हणजे कुठेच गरम नाही. पूर्वी मला ठाऊक होतं, हात शेकायचे तर कुठं जायचं. आता मी पायाला हे मोजे घालून घरभर फिरते." तिने त्याला बसवलं, चहा ओतला, साखरेचा खडा पुढे केला. "मुलाला वाटतं ती मी भंगारात दिली. त्याच्या कानावर गेलं की अम्मा नेमतच्या दुकानात सामान विकते, तर तो तोंड लपवून फिरेल. म्हणून विचारलं, कोण."

यदुल्लाने चहाचा एक घोट घेतला. आदल्या संध्याकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि त्याच जागी लगेच दुसरं येऊन बसलं. बुखारी चांगली होती. नेमतच्या भिंतीला लावली की पाइप पोळत होता. मग त्याच्याच घरात थंड का?

"कुठल्या खोलीत लावलीस?" अशरफ खानमने विचारलं.

"आईच्या."

"तुझ्या आईची खोली! गोहर खानमच्या खोलीत बसून भाजी निवडलेली आहे मी. उबदार खोली होती. बोळा काढलास ना?"

"काढला की." त्याने पुन्हा खिशात हात घातला. हा बोळा दाखवायची आता त्याला सवयच झाली होती.

म्हातारीने तो हातात घेतला, बोटांत चुरला. "हा तर नायलॉनचा."

"मोनीरेनं घातला. या नवरोजच्या साफसफाईत. काजळी गळायला लागली होती म्हणे."

"या नवरोजला? आणि गोहर खानम जाऊन तर दोन हिवाळे झाले. मधली सगळी वर्षं भोक उघडं ठेवलंत? चिमण्यांनी वाडा बांधला असेल आत."

"उघडं कसं ठेवीन, खानम, मी तेव्हाच..."

त्याने पेला खाली ठेवला.

आई गेल्यानंतर चाळिसाव्याला तिची बुखारी भिंतीवरून उतरली, त्या दिवशी त्याने तिची गादीही उसवली होती. गेलेल्या माणसाची गादी तशीच ठेवत नाहीत, आणि घरात पिंजारी असताना ती दुसऱ्या कोणी उसवायची म्हणजे लाजच. खोलीभर तिचा जुना कापूस पसरलेला होता. मशिदीतली माणसं दारात उभी होती, बुखारी न्यायला. भोकातून काजळी खाली फरशीवर, कापसावर पडत होती. त्याने हाताला लागला तेवढा कापूस उचलला, गोळा केला आणि कोपरापर्यंत हात घालून आत दाबला, जिथे धुराडं वर वळतं तिथे. मग माणसांना चहा दिला. मग तो ते विसरला. मोनीरे त्या वेळी स्वयंपाकघरात होती. तिला हे कधी कळलंच नाही. या वर्षी तिने वरवर एक बोळा घातला, मंगळवारी त्याने तोच काढला, आणि बॅटरी मारली तर आत काळोख दिसला. धुराड्यात काळोखच असतो. काजळी बसलेला कापूसही तेवढाच काळा असतो.

"चहा तर पी," अशरफ खानम म्हणाली. तोवर तो दारात बूट घालत होता.

घरी येऊन त्याने दुकानातलं लांब दाभण घेतलं, जाड गाद्या टाचायचं. ते काठीला तारेने बांधलं, पुढचं टोक पकडीने वळवून त्याचा आकडा केला, आणि आईच्या खोलीत खुर्चीवर उभा राहून हात भिंतीत घातला. मोनीरे काचीचं पातेलं ढवळायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. हातात कलथा तसाच. काचीच्या केशराचा वास तिच्याबरोबर आत आला.

"बुखारी कुठं आहे?"

"नेमतकडे."

"घेतली परत? बरं झालं. मग आता काय?"

 आकडा कशात तरी रुतला होता. त्याने ओढलं. आलं नाही. काठी फिरवली, पुन्हा ओढलं. आधी काजळीचा लोट आला, त्याच्या चेहऱ्यावर, शर्टावर, मोनीरेने सकाळी धुतलेल्या फरशीवर. तिने आरडाओरडा सुरू केला. मग धुराड्यातून एक काळा, जड, डोक्याएवढा गोळा सुटला आणि धप्पकन खाली पडला. त्याच्या मागोमाग थंड हवेचा झोत आणि काही पिसं.

 मोनीरेने गोळ्याला पायाने ढोसून पाहिलं. तो फुटला. आत, काजळी जिथे पोचली नव्हती तिथे, पिवळट जुना कापूस होता.

"हा कोणी घातला?"

यदुल्लाने खाली वाकून थोडासा चिमटीत घेतला. ते फक्त सवयीने. त्याला पाहायची गरज नव्हती.

"मी."

"कधी?"

"अम्माची गादी उसवली तेव्हा."

"आणि मी काल रात्रीपासून नेमतच्या सात पिढ्यांना शिव्या घालते आहे," मोनीरे म्हणाली. मग, "बुखारी पेटवून, खिडकी थोडी उघडी ठेवून निजवू असं म्हणत होते मी. काल म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"म्हटलं होतंस."

"तुम्ही 'बघू' म्हणालात."

"म्हणालो."

 पातेल्यात काची करपल्याचा वास आला आणि ती धावली. जाता जाता तिने विचारलं, "हा ठेवायचा का कुठं? अम्माचा आहे."

"काळा झालाय. आता पिंजून निघणार नाही." त्याने गोळा कचऱ्याच्या पिशवीत भरला.

त्याच वेळी फायजेचा फोन आला. सोडलं आहे, निघालो, रस्ते घसरडे आहेत म्हणून गाडी हळू चालवतो आहे मीलाद. मीलाद म्हणजे जावई. मागे बाळ रडत होतं. यदुल्ला हातगाडी घेऊन अक्षरशः पळत सुटला.

"परत आलास?" नेमत म्हणाला. "मला वाटलं म्हातारीनं तुला ओलीस ठेवलं."

"दे बुखारी."

"भिंत काय म्हणते?"

"भिंत काही म्हणत नाही."

नेमतने त्याच्या काळ्या चेहऱ्याकडे आणि कोपरापर्यंत काळ्या झालेल्या बाहीकडे बघितलं. काय झालं ते त्याला कळलं असावं. त्याने काही विचारलं नाही. ते त्याच्या धंद्यातच बसत नाही. बुखारी गाडीवर चढवताना एवढंच म्हणाला, "झाकून ने. लोक विचारतात."

फायजे आली तेव्हा खोली अजून तापायची होती. तिला तासभर मोठ्या खोलीत बसवलं. मेहुण्याने तिथे सिगारेट काढली, मोनीरेने ती त्याच्या ओठांतून काढून घेतली. यदुल्ला आईच्या खोलीत एकटा होता. पाइप भिंतीत घातला, सांध्याला पट्टी गुंडाळली, नळीला साबणाचा फेस लावून गळती बघितली, बुखारी पेटवली. पाइपला हात लावला. कोमट. बाहेर जाऊन नातवाला बघून आला. पुन्हा हात लावला. गरम. पुन्हा बाहेर गेला. तिसऱ्यांदा हात लावला आणि चटका बसला, सकाळी नेमतकडे बसला होता त्याच बोटांना.

संध्याकाळी फायजेला त्या खोलीत नेलं. नवी दुलई, आजीची जागा, बाळ शेजारी. मोनीरेने पळीत निखारे घेऊन त्यावर इस्फंदाचे दाणे टाकले. ते तडतडले, पांढरा कडवट धूर उठला, आणि तो तिने दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या डोक्यावरून फिरवला. पाहुण्या बायका ज्या बघायला आल्या होत्या त्या बाळाकडे बघत होत्या. नाक कोणासारखं यावर वाद चालला होता.

"बाबा, तुम्ही बघतच नाही आहात त्याच्याकडे," फायजे म्हणाली.

यदुल्ला धुराकडे बघत होता. धूर खोलीत जरा घोटाळला, मग एका अंगाला कलला, बुखारीच्या मागे, जिथे पाइप सुरू होतो त्या फटीकडे सरकला आणि तिथून धुराड्यात ओढला गेला. त्याने मोनीरेला पुन्हा दाणे टाकायला सांगितले.

"किती दृष्ट काढायची एका पोराची?" ती म्हणाली. पण तिने टाकले. दुसरा धूरही तिकडेच गेला. तेव्हा कुठे तो बाळाच्या शेजारी बसला. तेही फार वेळ नाही.

बाहेर आल्यावर त्याने मोठ्या खोलीतल्या पाइपलाही हात लावला, जो अख्खा हिवाळा नीट तापत आला आहे. मेहुण्याने विचारलं, "आता याला काय झालं?" त्याने सांगितलं, "काही नाही."

उद्या गुरुवार आहे, शुक्रवारच्या सुटीआधीचा अर्धा दिवस. दुकान सहाला उघडेल आणि दुपारी बंद होईल. गादीचं अर्धं राहिलेलं काम आणि यंत्राच्या झाकणावर पडलेली रोटी तिथेच आहेत. उस्ता दुकान उघडायच्या आधी पाइपला हात लावायला आत येणारच, हे मोनीरेने गृहीत धरलं आहे. म्हणून तिने फायजेला सांगून ठेवलं आहे की खोलीच्या दाराला आतून कडी घालायची नाही.